भरवशाची उडी

१० सप्टेंबर

मुली,

तुझ्या खोलीत दाराजवळच्या खाटेवर जी मुलगी थोडे दिवस राहिली, तिची मी आई. तुझा नंबर तिच्या फोनमध्ये सापडला. मी फोन केला, तू उचललास, मी कोण ते सांगितलं आणि तू ठेवून दिलास. पुन्हा केला तर फोन बंद. मी रागावले नाही. अशा आयांचे फोन कोणालाच नको असतात. त्यांना वाटतं, ही आता रडणार. पण मी रडत नाही गं. मी बस चालवते. रडत बस चालवली तर मागचे पन्नास जण रडतील. म्हणून आपलं पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र फाडायचं झालं तरी माणूस आधी वाचतो आणि मग फाडतो.

ती आता घरी आहे. दवाखान्यातून आणली. बोलते, ओळखते, पण निघायच्या आदल्या दिवसापर्यंतचंच तिला आठवतंय. त्यापुढे कोरं. शुद्धीवर आली तेव्हा पहिलं काय म्हणाली माहितेय? "आई, बॅग भरायची राहिली ना? उद्या निघायचंय." मी म्हटलं, "अगं, तू जाऊन आलीस."  तिने विचारलं, "मग कसं होतं?"

काय सांगणार? मलाच ठाऊक नाही. विद्यापीठाच्या कागदावर एवढंच आहे, की स्वागत-आठवड्यात सभागृहात परवानगीशिवाय दंगामस्ती करताना पाय घसरून पडली. मी आले होते तेव्हा तुमच्या रेक्टरबाईंनी तिची सूटकेस हातात दिली आणि जिन्यापर्यंत पोचवायलाही आल्या नाहीत. सूटकेस उघडली तर सगळ्या कपड्यांच्या घड्या. तेव्हाच कळलं, ही दुसऱ्या कोणीतरी भरली. माझी लेक घड्या घालत नाही, बोळे कोंबते.

मला फार काही नको. ते दिवस कसे गेले तेवढं लिही. जेवली का, हसली का, कोणाशी भांडली का. भांडली असेलच. तिचा आठवडा हरवलाय, तुझ्याकडे आहे. दे.

तिची आई

—

१९ सप्टेंबर

काकू, नमस्कार.

फोन ठेवला त्याबद्दल माफ करा. मला फोनवर बोलता येत नाही. लिहिताना जमेल असं वाटतं.

घड्या मीच घातल्या. तिचा हिरवा स्वेटर तेवढा सापडला नाही.

मी तिच्या आधी पोचले होते. बाबा मला सोडून लगेच परत गेले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे दुसरं कोणी नसतं. मी खाटेच्या टोकावर पाहुण्यासारखी बसले होते. कोणी मला ऊठ म्हणालं असतं तर उठून घरी गेले असते. तेवढ्यात दार लाथेने उघडलं. तिचे दोन्ही हात भरलेले होते. आत येऊन तिने खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढे गज? आपण पळून जाणार याची यांना खात्रीच दिसतेय!" मग म्हणाली, "तू खिडकीजवळ झोप. मला वाऱ्याने सर्दी होते." नंतर कळलं, सर्दीबिर्दी काही नाही, रात्रभर पंखा फुल ठेवायची. मी खिडकीकडे बघत होते ते तिला दिसलं असणार.

मी सूटकेसमधून एकेक वस्तू उचलून कपाटात नेऊन ठेवत होते, म्हणून तिने माझं नाव मुंगी ठेवलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या रांगेत सगळ्यांनाच सांगितलं, "ही मुंगी. हिला धक्का लावू नका, चावत नाही पण लक्षात ठेवते."

सकाळी भाषणं असायची. ती माझ्या खांद्यावर झोपायची आणि टाळ्या सुरू झाल्या की झोपेतच टाळ्या वाजवायची. ओळखपत्राच्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आले. फोटो काढणारे म्हणाले, परत काढू. ही म्हणाली, "राहू द्या, वर्गात मी अशीच दिसणार आहे."

संध्याकाळी सीनियर मुली आमची ओळखपरेड घ्यायच्या. नव्या मुलींनी मान खाली घालून चालायचं, आणि त्यांनी दिलेल्या नावाची पुठ्ठ्याची पाटी गळ्यात घालायची. माझी पाटी होती उंदीर. तिची भोंगा, कारण तिचा आवाज. पाट्या त्यांच्या म्होरकीने लिहिल्या होत्या. तिला सगळे कॅप्टन म्हणतात, व्हॉलीबॉलच्या संघाची आहे. तुमच्या मुलीने पाटी हातात घेऊन वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, हे भोगा झालंय. अनुस्वार राहिला. पेन द्या, मी देते." आणि खरंच पेन घेऊन टिंब दिलं. अख्खा व्हरांडा हसला. सीनियरसुद्धा हसल्या.

जेवायची नीट. वरणापेक्षा पाव जास्त. भांडली नाही.

गुरुवारी दुपारी माझं डोकं दुखत होतं, म्हणून मी खोलीत पडून होते. सभागृहात काय झालं ते मला नंतर कळलं. रेक्टरबाईंनी लिहिलंय तसंच आहे.

तिला लवकर बरं वाटो.

मुंगी

—

१ ऑक्टोबर

बाळ मुंगी,

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. अनुस्वाराशी आल्यावर हसली. एका बाजूचंच तोंड हसतं आता, पण हसली. "परत वाच." परत वाचलं. "मी म्हणाले असं?" म्हटलं, "तूच, दुसरं कोण म्हणणार?" मग म्हणाली, "ही मुंगी बरी दिसते." आता रोज संध्याकाळी मी पाळीवरून आले, की बूट काढायच्या आत पत्र मागते. मला पाठ झालंय. माझी कंडक्टर म्हणते, तू प्रवाशांनाही ते पत्र वाचून दाखवशील एक दिवस.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. उजवा हात उचलतो पण धरत नाही. पेला दिला की सुटतो. शब्द इकडचे तिकडे होतात. परवा जेवताना म्हणाली, "आई, खिडकी दे." मी उठून खिडकी उघडली. तिला चमचा हवा होता. दोघी हसलो. मग तिने एकटीनेच हसणं थांबवलं.

आणि आता दुसरा कागद आलाय. स्टेजवर नाचून शिस्तभंग केला म्हणून तिचा प्रवेश रद्द, हॉस्टेलची जागा दुसऱ्या मुलीला. तो वाचला आणि माझा तोल गेला. पाळीवरून आले होते, पाठ मोडलेली. मी तिला नको नको ते बोलले. म्हटलं, जन्मभर हुंदडलीस, चार दिवस गप बसता आलं नाही तुला? आपल्या घरातून पहिल्यांदा कोणी एवढ्या मोठ्या दारातून आत गेलं, आणि तू स्टेजवर नाचत बसलीस? तिने माझा हात धरला, डाव्या हाताने, आणि म्हणाली, "आई, चुकले. मला आठवत नाही, पण चुकले."

तेव्हापासून ती सगळ्यांचीच माफी मागत सुटलीय. व्यायाम करून घ्यायला बाई येतात त्यांची. शेजारच्या आजोबांची. काल दूधवाल्याचीसुद्धा.

तुझ्यासारखी हवी होती गं पोर. डोकं दुखलं की खोलीत पडून राहणारी. असो. एकीचं नशीब दुसरीला घालता येत नाही. तू अभ्यास कर. आणि आणखी काही आठवलं तर लिही, तिला तेवढंच.

तुझी काकू

—

७ ऑक्टोबर

काकू,

तिला रागावू नका. तिला कोणाचीही माफी मागू देऊ नका. तिचं काही चुकलं नाही.

याच्यापुढे मला आत्ता लिहिता येत नाही.

मुंगी

—

१२ ऑक्टोबर

मुंगी,

हे काय लिहिलंस?

तिचं चुकलं नाही, तर मग कोणाचं चुकलं? तू तर खोलीत होतीस. खोलीत पडून तुला कसं दिसलं?

मी पोरीला त्या दिवसापासून गुन्हेगारासारखी वागवतेय. तोंडात घास देते आणि वर टोमणा मारते. एवढं करून झाल्यावर तू तीन ओळी पाठवतेस. सांगायचं तर सगळं सांग. नाहीतर पुन्हा लिहू नकोस. अर्धी पत्रं वाचायची ताकद माझ्यात उरली नाही.

—

२० ऑक्टोबर

काकू,

मी सभागृहात होते.

दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हाला चपला काढून व्हरांड्यात रांगेत उभं केलं. खेळाचं नाव भरवशाची उडी. दोघीदोघींना आत घेत होत्या. डोळे बांधायचे, स्टेजच्या कडेला पाठ करून उभं राहायचं, हात छातीवर घ्यायचे आणि मागे झोकून द्यायचं. खाली चौघी सीनियर हातात हात गुंफून झेलायला उभ्या. आमच्या आधी ज्या गेल्या त्यांना झेललं होतं. त्यांचं हसणं आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. म्हणून तशी भीती नव्हती.

आम्ही दोघी बरोबर आत गेलो. माझी पाळी येईपर्यंत मला स्टेजवरच बाजूला उभं केलं. माझ्या डोळ्यांवरचा रुमाल आखूड होता. नाकाच्या बाजूने खालचं दिसत होतं. ती म्हणाली, "मुंगे, आधी मी जाते. मी मेले तर तू पळ." मला हसू आलं.

कॅप्टन स्टेजवर तिच्या शेजारी होती. तिने विचारलं, "भरवसा आहे का आमच्यावर?"

ती म्हणाली, "आहे की."

"मग आधी माफी माग. त्या टिंबाची."

"ताई, शुद्धलेखनाची कसली माफी मागायची?"

खालची एकजण फिसकन हसली.  कॅप्टनने खालच्या चौघींना बोटाने खूण केली, मागे सरका. त्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं. मग हात सोडले आणि मागे सरकल्या. दोघींनी हसू येऊ नये म्हणून तोंडावर हात धरले होते. त्यांना वाटलं असेल, बुडावर आपटेल, जरा जिरेल. स्टेज काही फार उंच नाही, माझ्या छातीएवढंच.

मला ते सगळं दिसलं, काकू. कॅप्टन "एक, दोन" म्हणत होती तेवढा वेळ होता. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती मागे झुकली. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना लोखंडी दांडे आहेत. पुढचं मी लिहू शकत नाही.

कॅप्टन आधी म्हणाली, "ऊठ, नाटक करू नकोस." मग धावली. डॉक्टर यायच्या आत कोणीतरी तिच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. मी माझा रुमाल स्वतःच सोडला, आणि कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तिला कळलं की मला दिसलंय.

रेक्टरबाईंनी संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. विचारलं, तिथे कोण कोण होतं? सीनियर म्हणाल्या, कोणीच नाही, ती एकटीच स्टेजवर नाचत होती. मी मान खाली घालून उभी होते. तशी आम्हाला आठवडाभर सवय लावलीच होती. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुझं डोकं दुखत होतं ना? खोलीत होतीस ना?" मी हो म्हटलं. ते वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. पण हो मीच म्हटलं.

बाबांना फोनवर थोडंसं सांगितलं. ते म्हणाले, "आपण शिकायला गेलोय. मोठ्यांच्या भांडणात पडलं की लहानांचं कंबरडं मोडतं." पुढच्या आठवड्यात मला वरच्या मजल्यावर एकटीची खोली मिळाली. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून, असं सांगितलं. नव्या मुलींना एकटीची खोली कधीच मिळत नाही. ती मी घेतली.

मला वाटायचं, तिला आठवलं की तीच सांगेल, माझ्यावर येणार नाही. रोज मी तिला आठवायची वाट बघायचे. आणि आठवलं तर मी तिथे होते हेही आठवेल, म्हणून रोज वाटायचं, नको आठवायला.

तुम्ही लिहिलंत, तुझ्यासारखी हवी होती. तेव्हापासून मला जेवण जात नाही. माझ्यासारखी नको, काकू.

मुंगी

—

४ नोव्हेंबर

मुंगी,

तुझं पत्र मी शेवटच्या थांब्यावर गाडीत वाचलं. परतीची वेळ झाली तरी मला गाडी सुरू करता येईना. लोक चढून बसले होते. एक म्हातारे पुढे येऊन म्हणाले, "बाई, बरं नाही का?" म्हटलं, "बसा, निघते."

खोटं लिहून उपयोग नाही. आधी मला तुझाच राग आला. त्या कॅप्टनचा नंतर आला. ती मला कोण? तू माझी मुंगी होतीस. माझ्या लेकीला मी रोज तुझं पत्र वाचून दाखवत होते. घड्या घातल्यास, खिडकीचं लिहिलंस, पावाचं लिहिलंस, आणि हे एवढं पोटात ठेवलंस. "एक" म्हणाली तेव्हा किंचाळली असतीस तर? बस. एवढं एकदाच विचारते, पुन्हा विचारणार नाही. तू एकोणीस वर्षांची आहेस, त्या रेक्टरबाई पन्नाशीच्या. हे मला कळतं. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

मी तिला सांगितलं. सगळं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, हळूहळू सांगा. मला हळूहळू येत नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी घसरले नाही?"

"नाही."

"नाचत नव्हते?"

"नाही गं राणी."

तशी म्हणाली, "मग मी एवढ्या माफ्या कशाला मागितल्या? परत आण सगळ्यांकडून." मी उठले आणि खरंच दूधवाल्याकडे गेले. म्हटलं, माझ्या मुलीने तुमची माफी मागितली होती, ती परत द्या. तो बिचारा घाबरून म्हणाला, घ्या, घ्या. मग तिच्यासमोर बसून मी तिची माफी मागितली. तिने दिली की नाही, ते कळलं नाही. ती झोपली.

मी विद्यापीठात अर्ज टाकला. आधी म्हणाले, विषय संपलाय. मी रजा काढली आणि त्यांच्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसले. शिपाई म्हणाला, किती वेळ बसणार? म्हटलं, बसून काम करायची सवय आहे मला. तिसऱ्यांदा आले तेव्हा कुलसचिव बाहेर आले. आता समिती नेमलीय. पुढच्या सोमवारी सकाळी बोलावलंय, तुमच्याच आवारात.

तुझं पत्र मी आणणार नाही. कागदाला ते विचारतील, हे खरं कशावरून, आणि कागद गप्प बसेल. यायचं तर तू ये आणि तोंडाने सांग. तुझे वडील म्हणतात त्यात तथ्य आहे, तुझं कंबरडं मोडू शकतं. मी अडवायला येऊ शकणार नाही, मला गाडीवर परत जायचंय. तू नाही आलीस तर मी समजून घेईन असं लिहिणार होते. पण नाही घेणार.

—

३० नोव्हेंबर

काकू, नमस्कार.

त्या सोमवारी तुम्ही माझ्याकडे न बघता निघून गेलात. बरोबरच होतं. तुमचा गणवेश बघून मला वाटलं, तुम्ही तशाच पाळीवर जाणार. माझा आवाज फुटत नव्हता, समितीचे सर सारखे "मोठ्याने" म्हणत होते. तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "तुम्ही खुर्ची पुढे घ्या ना." तेवढ्यामुळे मला पुढचं बोलता आलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

काल निकाल लागला. तुमच्याकडे कागद येईलच. कॅप्टनला वर्षभरासाठी काढलं. पुढच्या वर्षी ती परत येईल. चौघींना लेखी ताकीद. रेक्टरबाईंची दुसऱ्या हॉस्टेलवर बदली झाली, तिथेही नव्या मुलीच आहेत. कागदावर खोडसाळपणातून घडलेला दुर्दैवी अपघात असं लिहिलंय. तिचा प्रवेश परत दिला आहे, पण दवाखान्याचा तंदुरुस्तीचा दाखला आणला तरच.

मी चौघींची नावं घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, ही खोटं बोलतेय, ही तर तिथे नव्हतीच. मग त्यातलीच एक, जी फिसकन हसली होती, ती रडायला लागली आणि तिने कबूल केलं. ती नसती तर माझं कोणी ऐकलं नसतं. ती आता माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

एकटीची खोली मी परत केली. आता सहाजणींच्या खोलीत आहे. मी आत गेले की गप्पा थांबतात. माझ्या खाटेला कोणीतरी उंदराची पाटी बांधली होती. मी सोडली, दुसऱ्या दिवशी परत बांधली होती. आता असू दिली आहे. चौकशी चालू असताना कॅप्टनला खेळू दिलं नाही आणि व्हॉलीबॉलचा संघ हरला, तेही माझ्याच नावावर आहे. वर्गात माझ्या बाकावर कोणी बसत नाही. एक मुलगी तेवढी जेवताना समोर येऊन बसते. त्या दिवशी रांगेत ती आमच्या मागेच उभी होती. ती काही बोलत नाही, मीही बोलत नाही. ताट संपेपर्यंत बसते.

बाबा येऊन गेले. दुकान बंद ठेवून आले. मला वाटलं, घरी चल म्हणतील. खाटेवर बसले, पाटी बघितली. माझं गजराचं घड्याळ मागे पडत होतं, ते उघडून दुरुस्त करत बसले. निघताना म्हणाले, "आता वेळ बरोबर दाखवेल. उठत जा वेळेवर." बस निघाल्यावर त्यांनी हात हलवला नाही. डोळे पुसत होते असं वाटलं, पण लांबून नक्की सांगता येत नाही.

रोज अभ्यास करते. पास होईन.

काकू, मी एकदा येऊन तिला भेटू का? तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

मुंगी

—

१४ डिसेंबर

मुंगी,

हे नाव मीच ठेवलं म्हणतात, तर तेच वापरते.

डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या पोराचं आहे. हे पान तीन दिवस चाललंय. चुकीचे शब्द मी एकेक करून शोधले आणि दुरुस्त केले. आई स्वतः तुला लिहिणार नाही म्हणाली. पण पाकीट आणि तिकीट टेबलावर तिनेच आणून ठेवलं, आणि पाळीवर जाताना म्हणाली, "लिहायचं तर लिही, मला काय."

तुझं पहिलं पत्र मला पाठ आहे. कोणी भेटायला आलं की मी त्यांना अनुस्वाराची गोष्ट सांगते, जणू मला आठवतेय. आठवत काहीच नाही. त्या गोष्टीतली ती मुलगी मला आवडते. तिच्याशी माझी मैत्री झाली असती.

सगळे विचारतात, त्या मुलींना माफ केलंस का. मला त्यांचा राग येत नाही. राग यायला चेहरा लागतो. आईकडे चेहरे आहेत, तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे नुसता हा उजवा हात आहे. कधी कधी त्याचाच राग येतो आणि मी त्याच्याशी भांडते. आई चोरून बघते.

तुझाही मला राग यायला हवा, असं आईला वाटतं. प्रयत्न केला. तू तोंड उघडलंस आणि आवाज आला नाही, असं तू लिहिलंस. मला ते आता रोज होतं. माणूस समोर असतो, शब्द डोक्यात असतो आणि तोंडात भलताच येतो, नाहीतर येतच नाही. तेव्हा मला तुझी आठवण येते. म्हणजे आठवण नव्हे. तू कळतेस.

एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही. मी परत येणार नाही. घाबरून नाही. मी पुस्तक उघडते, ओळ वाचते, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात गेलेली असते. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात सुधारेल. म्हणताना भिंतीकडे बघतात. आई त्या दाखल्यासाठी रोज कोणाकोणाला भेटतेय. निकाल लागल्यापासून ती पुन्हा शिट्टी वाजवत घरी येते. मला तिला हे सांगायचंय, पण एकटीने जमत नाही. मी सुरुवात करते, मध्येच शब्द फसतो, ती म्हणते, "राहू दे, दमलीस." आणि विषय जातो. तू ये. तू माझ्या वतीने बोलायचं नाहीस, मीच बोलणार. शब्द अडला की थांबायचं आणि आईलाही थांबवायचं. तुझं ती ऐकेल. नाही ऐकलं तरी तू खुर्ची पुढे घेऊन बस.

रविवारी दुपारी आई पाळीवर असते, अंधार पडायच्या सुमाराला येते. तू दुपारीच ये, म्हणजे काय बोलायचं ते आपलं ठरवून होईल. त्या आठवड्याबद्दल नको सांगूस, तो ऐकून झालाय. वर्गात काय शिकवतात ते सांग. ती समोर येऊन बसणारी मुलगी बोलली का, ते सांग.

आमचं घर तळमजल्यावर आहे, निळं दार. दार उघडायला मला वेळ लागतो. घंटा वाजवलीस की थांब. आतून काहीच आवाज आला नाही तरी थांब. मी येत असते.